नावे पुकारणाऱ्याचा माईक

मित्रांनो, लग्नाच्या मांडवात शिरलात की तुमचे लक्ष आधी कुठे जाते? कोणाचे नवरीच्या शालूकडे, कोणाचे जिलबीच्या कढईकडे. माझ्याकडे कोणी पाहत नाही. तरी माझ्यातून गेल्याशिवाय त्या मांडवातला एक शब्द तुमच्या कानापर्यंत पोहोचत नाही. मी एक जुना माईक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे, मुठीच्या जागचा काळा रंग उडाला आहे आणि मानेजवळ वायरला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. त्या पट्टीला हसू नका. तिच्यामुळेच मी आज तुमच्याशी बोलायला बसलो आहे.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे काही बायका लांब बाकावर बसून माईक जोडत. एकीने माझ्या पोटात लोहचुंबक बसवले, दुसरीने केसासारख्या तारेचे वेटोळे आणि पातळ पडदा बसवला, तिसरीने वायर सोल्डर केली. मग तिने मला तोंडाशी धरले आणि म्हणाली, "हॅलो, हॅलो, चहा आला का?" भिंतीवरच्या भोंग्यातून तेच शब्द मोठे होऊन बाहेर पडले. पलीकडून कोणी ओरडले, "न्हाई आला अजून!" माझ्या आयुष्यातले पहिले बोल ते. त्या दिवशी मला माझा स्वभाव कळला. मला कान आहे, जीभ नाही. जो बोलेल त्याचे मी बोलतो, माझे स्वतःचे काही मला बोलता येत नाही. पुढे एक दिवस याचे मला फार वाईट वाटले.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून मला नागसेनने विकत घेतले. नागसेन चाकणजवळच्या महाळुंग्याचा. गावातल्या लग्नकार्यांना त्याचा साउंड असे. त्याच्याकडे माझ्यासारखे आणखी माईक होते, पण लग्नांत नावे पुकारणाऱ्या मारुतरावांनी एकदा मला हातात घेतले आणि सोडलेच नाही. "हा आता तुझाच, भावा," नागसेन म्हणाला. तेव्हापासून मी मारुतरावांच्या घरी, टॉवेलात गुंडाळून, त्यांच्या पिशवीत राहू लागलो.

मारुतरावही महाळुंग्याचेच. त्यांची निम्मी जमीन कंपन्यांत गेली. उरलेल्या जागेवर त्यांनी खोल्या बांधल्या आणि लातूर, परभणीकडून कामाला आलेल्या पोरांना भाड्याने दिल्या. पोटापाण्याची चिंता नव्हती. लग्नात नावे पुकारायला ते जात ते मानासाठी.

नावे पुकारणे म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवे. आमच्या या भागात मंगलाष्टका लागण्याआधी एक माणूस माईक घेऊन उभा राहतो आणि आलेल्या बड्या पाहुण्यांचे स्वागत करतो. आजी सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, अमक्या कंपनीचे ठेकेदार, तमक्या पक्षाचे पुढारी. प्रत्येकाचे नाव, गाव, हुद्दा आणि एखादे गोड विशेषण. एक नाव राहिले की तो पाहुणा अक्षता न टाकताच गाडीत जाऊन बसतो. मागे गुरुजी घड्याळ पाहत कपाळाला हात लावतात, नवरदेव घामाने भिजतो, मुहूर्त टळून जातो, पण नावे संपत नाहीत. शेवटी सगळ्यांत मोठ्या मानाचा पुकारा होतो तो मामांचा. मामाने भाच्याला किंवा भाचीला हाताला धरून आणायचे आणि मागे उभे राहायचे. तो पुकारा झाला की अंतरपाट धरतात.

मारुतरावांनी कधी चिठ्ठी वाचली नाही. मांडवात हजार माणसे असोत, कोण कोणाचा साडू, कोण कोणाचा व्याही, सारे त्यांच्या ओठांवर असे. घागरीतून पाणी ओतावे तसा त्यांचा आवाज माझ्यात येई. लोक म्हणत, "मारुतराव बोलायला लागलं की नवरा-नवरी झाकून जात्यात राव!" ते शब्द ऐकून माझ्या पोटातले लोहचुंबकही सुखावत असे.

बदल सर्वांत आधी मला कळला. आधी त्यांचा 'र' जड झाला. मग शब्द सुटे सुटे पडू लागले, ओढ्यातल्या दगडांवर जपून पाय टाकावा तसे. वाक्याच्या सुरुवातीला आवाज मोठा, शेवटी बसलेला. पुढे ओळखीचे शब्दही सापडेनात. एकदा ते फेट्याला म्हणाले, "ते... डोक्याला बांधायचं... आपलं हे." लोक हसले. त्यांना वाटले गंमत केली. मला त्यांची मूठ कळत होती. ती गंमत करणाऱ्याची मूठ नव्हती. घाबरलेल्या माणसासारखी ती मला आवळत होती.

उन्हाळ्यात जास्त होई. सकाळच्या साखरपुड्यात ते बरे बोलत आणि मे महिन्याच्या दुपारी, मांडव तापला की जीभ अडखळे, चालताना पायही तिरका पडे. आता दुपारी ज्याची जीभ आणि पाय दोन्ही अडखळतात, त्याच्याविषयी गाव काय म्हणते, ते सांगायला नको. दोन माणसे तोंड फिरवून बोलत, "मारुतराव घ्यायला लागला वाटतं." मी बोलणाऱ्याच्या ओठांपाशी असतो, मित्रांनो. कोणाच्या श्वासाला कसला वास येतो ते माझ्या जाळीला कळते. मारुतरावांच्या श्वासाला फक्त वेलदोड्याचा वास होता. पण ते मी सांगणार कोणाला?

अशात जयदीपचे लग्न आले. जयदीप म्हणजे लक्ष्मणराव आणि छबूबाई यांचा मुलगा. लक्ष्मणराव गावातले मोठे प्रस्थ, आवाजाने आणि रागानेही. छबूबाईंचे माहेर ताथवड्याचे. त्यांना दोन भाऊ होते, थोरले बबनराव आणि धाकटे समाधानराव. बबनराव आदल्या वर्षीच वारले होते. म्हणून मामाचा मान समाधानरावांचा होता आणि ते फेटा बांधून जयदीपजवळ उभेच होते.

भर दुपार, मे महिना. मारुतराव नावे घेत घेत कसेबसे शेवटपर्यंत आले. "आता... मुलाचे मामा..." म्हणाले आणि थांबले. मांडव वाट पाहू लागला. पुढच्या रांगेतून कोणी ओरडले, मागून कोणी ओरडले, एकजण इकडून खुणा करू लागला, दुसरा तिकडून. इतक्या आवाजांत मारुतराव आणखीच गोंधळले. आणि मग त्यांच्या तोंडून निघाले, "मुलाचे मामा... ताथवड्याचे... बबनराव यांनी..."

 छबूबाईंनी पदर तोंडाला लावला.

लक्ष्मणराव व्यासपीठावर चढून आले. "मारुत्या! माझ्या पोराच्या लग्नात पिऊन आलास व्हय रं? मेलेल्या माणसाला बोलावतो?"

"मी... न्हाई... प्या..." मारुतराव म्हणाले. पण तेही तसेच जड, तुटक आले. त्यांचे बोलणेच त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होते.

लक्ष्मणरावांनी माझी वायर मानेजवळ धरली आणि मला हिसका मारून ओढले. मी मारुतरावांच्या हातातून सुटलो आणि फरशीवर आपटलो. जाळी चेपली ती तेव्हा. वायरवरचे आवरण फाटले तेही तेव्हाच. पण मला त्याचे दुःख नव्हते. मला ओरडून सांगायचे होते, "या माणसाने घेतलेली नाही! मी शपथेवर सांगतो!" भोंग्यातून मात्र नुसती खरखर बाहेर पडली.

त्यानंतर मी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या रजयांमागे पडून राहिलो. मला कोणी काढले नाही. मारुतराव लग्नांना जाईनात, पारावर बसेनात. हळूहळू घरातही बोलेनासे झाले. कपाटाच्या फटीतून मला त्यांच्या बायकोचा, रुपालीबाईंचा आवाज येई.

"अहो, भाजीत काय कमी आहे?"

"ते... ते..."

"मीठ?"

"न्हाई... ते..."

"तिखट? तेल? कोथिंबीर? सांगा ना!"

मग ताट सरकवल्याचा आवाज. बाई प्रेमानेच विचारत. पण त्यांनी एकेक शब्द पुढे केला की मारुतरावांच्या तोंडाशी आलेला शब्द परत आत पळे.

आधी गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून इंजेक्शने दिली. त्याने काही फरक पडला नाही. एक दिवस मारुतराव अंगणात पडले. रुपालीबाईंनी मग कोणाचे ऐकले नाही. नागसेनच्या गाडीत घालून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेले. तिथे डोक्याचे फोटो निघाले, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासले. मधले दिवस फार वाईट गेले, असे घरातल्या शांततेवरून मला कळत होते.

आणि मग एका सकाळी कपाट उघडले. नागसेनने मला खाली काढले, धूळ पुसली, आणि खिशातून चिकटपट्टी काढून जेवणाच्या टेबलाशी बसला. "हातासरशी याची वायर नीट करतो. वहिनी, काय म्हणलं डॉक्टर?"

रुपालीबाई सांगू लागल्या. मल्टिपल स्क्लेरॉसिस असे त्या आजाराचे नाव. आपल्या शरीराचे रक्षण करणारी जी शक्ती असते, तीच चुकून मेंदूच्या आणि मणक्याच्या नसांवर उठते आणि नसांवरचे आवरण खाते. मग निरोप उशिरा पोहोचतो, नाहीतर वाटेतच विरतो. म्हणून जीभ अडखळते, पाय तिरका पडतो, नाव आठवायला वेळ लागतो. थकले, तापले, एकाच वेळी चार माणसे बोलू लागली की जास्त त्रास होतो. गेलेले सगळे परत येईल असे नाही. पण पुढे वाढू नये म्हणून औषध आहे आणि बोलण्याचा व्यायामही आहे.

 मारुतरावांनी हात पुढे केला आणि माझी फाटलेली वायर धरली. तांब्याची तार उघडी पडली होती. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे... असं. तार हाय. वरचं... प्लॅस्टिक गेलं."

नागसेन वायरीकडे पाहत राहिला. "म्हणजे शब्द हाय आत?"

"हाय. रस्ता... खराब."

"मग असं म्हण की राव! गाडी हाय, डायवर हाय, पण तळेगाव चौकात अडकली!"

चाकणचा तो सदा गाड्यांनी तुंबलेला चौक ज्याने पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको. मारुतराव हसू लागले. हसता हसता रडू लागले. "मला... वाटलं... मी येडा व्हतोय," ते म्हणाले. कित्येक महिन्यांत एवढे लांब वाक्य त्या घरात ऐकू आले नव्हते. मित्रांनो, आजाराला नाव मिळाले म्हणून माणूस आनंदाने रडतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मोठा आजार होता, पण वेडाची भीती गेली आणि दारूचा आळ आता पुसता येणार होता.

मग विजयश्री मॅडम आल्या. म्हणजे मारुतराव आणि रुपालीबाईच त्यांच्याकडे चिंचवडला जात. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या त्या बाई. मारुतराव आधी लग्नांत नावे पुकारत हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी तुमचा माईक घेऊन या. तुमचा आवाज शेवटी बसतो. माईक असला तर जोर लावावा लागणार नाही." मी परत कामावर लागलो!

त्यांनी शिकवले ते असे. एका श्वासात दोनच शब्द. मग थांबायचे. घाई करायची नाही. शब्द सापडला नाही तर त्याला ओढायचे नाही, त्याच्या शेजारच्या गोष्टी सांगायच्या. तो कुठे असतो, कसा दिसतो, कशाला लागतो. शेजारी गोळा झाले की शब्द आपण होऊन दार उघडतो. आणि रुपालीबाईंना त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही यांचे वाक्य पुरे करू नका. वाट पाहा."

"वाट बघते हो मॅडम, पण तोवर भाजी करपते त्याचं काय?"

"गॅस बारीक करा," मॅडम म्हणाल्या. तिघेही हसले. त्या दिवसापासून त्या घरात 'गॅस बारीक कर' हा एक परवलीचा शब्दच झाला.

नागसेनच्या तोंडात काही राहत नाही. गावात बातमी पसरली, चौकात अडकलेल्या गाडीसकट. पहिल्या आठवड्यातच छबूबाई आल्या. हातात खरवसाचा डबा. मी टेबलावरच होतो. रुपालीबाई दारातच अवघडून उभ्या राहिल्या.

"बाई, आत तरी ये म्हण," छबूबाई म्हणाल्या आणि आपणच आत येऊन बसल्या. "मारुती, तुला एक सांगायचं व्हतं. त्या दिवशी तू बबनदादाचं नाव घेतलंस. लोकांस्नी वाटलं मला राग आला. राग न्हाई आला रं. जयदीपला अंगाखांद्यावर खेळवलं त्यानं. त्या दिवशी सगळा मांडव भरला व्हता आन् त्याचं नाव कुणीच घेत नव्हतं. तू घेतलंस. मला वाटलं, दादा आला."

मारुतरावांचे ओठ हलले. बोलायचे होते, मला कळत होते. छबूबाई वाट पाहत बसल्या. त्यांना कोणी शिकवले नव्हते.

"मला... माफ..." मारुतराव म्हणाले.

"त्ये ऱ्हाऊ दे. आता आमच्या पोरीचं, दिव्याचं लगीन हाय. तिच्या मामाला तूच बोलवायचं."

घरी लक्ष्मणराव ऐकायला तयार नव्हते, हे नंतर कळले. "परत चुकला तर? पाहुण्यांत शोभा," असे त्यांचे म्हणणे. छबूबाईंनी सांगितले, "चुकला तर माझा भाऊ चुकला म्हनंन. पर त्याच्या हातातून माईक तुमी हिसकावला व्हता, त्यो तुमीच त्याच्या हातात द्या." आणि गुरुजींना गाठून त्यांनी सकाळचा, हिवाळ्यातला मुहूर्त काढून घेतला.

लग्नाच्या सकाळी मारुतराव वेळेआधीच मांडवात पोहोचले. पायासाठी काठी होती, म्हणून नागसेनने मला स्टँडवर लावायचे ठरवले. पण लक्ष्मणराव आले. त्यांनी मला उचलले. या वेळी वायरीला धरले नाही, अंगाला धरले. चिकटपट्टीवर त्यांचा अंगठा क्षणभर थांबला. मग त्यांनी मला मारुतरावांच्या हातात दिले आणि एक खुर्ची ओढून त्यांच्या मागे ठेवली.

मारुतरावांनी श्वास घेतला. माझ्या जाळीला वेलदोड्याचा वास आला.

"नमस्कार. माझं बोलणं... हळू आहे. मी... प्यायलेलो नाही. मला... नसांचा... आजार आहे. थोडं... थांबून ऐका."

मांडवात चमचासुद्धा वाजला नाही.

"पाहुणे... सगळे मोठे. नावं... घेत नाही. सगळ्यांचं... स्वागत." मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. बहुतेक गुरुजी असावेत.

"आता... मुलीचे मामा..."

आणि ते थांबले.

मित्रांनो, तो थांबा मी कधी विसरणार नाही. तेच नाव, तीच जागा. त्यांची मूठ आवळली. पुढच्या रांगेतून एकाने तोंड उघडले, दुसऱ्याने हात वर केला. व्यासपीठाच्या कडेला समाधानराव फेटा बांधून, भाचीचा हात धरून, श्वास रोखून उभे. एवढ्यात छबूबाई मांडवाकडे वळल्या. "कुनी बोलायचं न्हाई! गाडी चौकात अडकलीया. सुटंल."

कोणी बोलले नाही. रुपालीबाईंच्या ओठांवर ते नाव आलेले होते, पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

मारुतरावांची मूठ हळूहळू सैल झाली. "ताथवड्याचे..." ते म्हणाले. "कॉलेजसमोर... टायरचं दुकान. बबनरावांचे... धाकटे भाऊ." छबूबाईंचे डोळे भरले. "हसले की... गालाला... खळी पडते..." मांडवात हसू पिकले, आणि समाधानरावांच्या गालाला खरोखरच खळी पडली. मारुतरावांनी ती पाहिली.

"समाधानराव! मुलीला... घेऊन या!"

मांडव टाळ्यांनी दणाणून गेला. माझा पडदा फाटतो की काय असे मला वाटले. नागसेनने दोन बोटे तोंडात घालून शीळ घातली. लक्ष्मणराव फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसत राहिले. आणि मंगलाष्टका मुहूर्तावर लागल्या. गुरुजींनी पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट इतर गुरुजींना सांगितली, पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. एक मोठे पुढारी नेहमीच्या हिशोबाने उशिरा पोहोचले, तेव्हा लोक जिलबी खात होते. त्यांनीही मुकाट्याने ताट घेतले.

यानंतर सगळे बरे झाले असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. मारुतरावांचा आजार आहे तसाच आहे. काही दिवस ते मला हातही लावत नाहीत, नुसते पडून असतात. दुसऱ्या लग्नांत पुन्हा लांबलचक नावे घेतली जातात, ती घेणारे नवे लोक आहेत, आणि मुहूर्तही टळतात. पण मामांचा पुकारा आला की गावकरी म्हणतात, "थांबा, हे मारुतरावांनाच करू द्या." आणि मग सगळे खरोखर थांबतात.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा माईक तुमच्या हाती आला, तर त्याला वायरीला धरून ओढू नका, आवरण फाटते. आणि बोलताना अडकणारा माणूस भेटला तर त्याचा वास घेऊ नका, त्याला हसू नका, त्याचा शब्द त्याच्या तोंडातून काढूनही घेऊ नका. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. आतली तार जागेवर आहे.

दिव्याच्या लग्नाहून नागसेनच्या गाडीतून परत येताना मी नेहमीसारखा टॉवेलात गुंडाळून पिशवीत होतो. रुपालीबाई म्हणाल्या, "सगळे किती खूश होते! तुम्हाला कसं वाटलं?"

"मला..." मारुतराव म्हणाले आणि थांबले.

रुपालीबाईंनी आनंद म्हटले नाही, समाधान म्हटले नाही, काहीच म्हटले नाही.  बराच वेळ गाडीचा आवाज तेवढा येत होता.

"मला..." मारुतराव म्हणाले, "भूक लागली. जेवायला... कोणी... बोलावलंच नाही."

रुपालीबाई इतक्या हसल्या, की नागसेनला गाडी बाजूला घ्यावी लागली.